एका मिनिटाची परीक्षा

आमचे घराणे सांगलीच्या हळदीच्या पेठेतले. माझ्या पिढीत मी एकटाच दुकानाबाहेर पडलो आणि अमेरिकेत लहान विमानांच्या दुरुस्तीच्या कामात रमलो. "तिकडे तू नेमके काय करतोस?" असे नातलग विचारतात, तेव्हा मी सांगतो, "विमानाचा काटा पास करतो." पेठेतल्या माणसाला याहून अधिक सांगावे लागत नाही. तरीही हे काम थोडे उलगडून सांगण्यासारखे आहे.

विमानाला आपला वेग आणि उंची हवेच्या दाबावरून कळते. वाऱ्याकडे तोंड केलेली एक बारीक नळी विमानाला बसवलेली असते. फ्रान्सच्या आंरी पितो यांनी १७३२ मध्ये सेन नदीचा प्रवाह मोजण्यासाठी तशी नळी वापरली, म्हणून ती पितो नळी. शिवाय विमानाच्या कुशीला लहान छिद्रे असतात. त्यांतून भोवतालच्या हवेचा स्थिर दाब आत येतो. दोन्ही दाबांच्या फरकावरून वेग समजतो आणि एकट्या स्थिर दाबावरून उंची. वर जावे तसा दाब घटतो आणि उंचीमापकाचा काटा चढतो.

ढगांत केवळ यंत्रांच्या भरवशावर उडणाऱ्या विमानाची स्थिर दाबाची व्यवस्था व उंचीमापक तेथील नियमानुसार दर २४ महिन्यांनी तपासावे लागतात. छिद्रांना तपासणीयंत्राची नळी जोडून आम्ही आतली हवा सावकाश ओढतो. विमान जमिनीवरच उभे असते, पण उंचीमापक ते हजार फूट वर गेल्याचे दाखवतो. मग झडप बंद करून एक मिनिट काट्याकडे पाहत राहायचे. लहान, साध्या केबिनच्या विमानात त्या मिनिटात १०० फुटांहून अधिक घसरण चालत नाही. पुढे उंचीमापकाची अचूकता पाहायची: समुद्रसपाटीला २० फूट, १०,००० फुटांवर ८० फूट, एवढाच फरक क्षम्य.

एकदा एका विमानात ही घसरण १४० फूट भरली. मालकांना दुपारीच निघायचे होते. घरी लेकीचा वाढदिवस होता. "चाळीस फुटांनी काय बिघडते? आकाश निरभ्र आहे, सही करा," ते काकुळतीने म्हणाले. मी सही केली नाही. संध्याकाळपर्यंत एकेक सांधा उघडून पाहिला, तेव्हा एका ठिकाणची रबरी रिंग कडक होऊन तडकलेली सापडली. नवी बसवताच काटा जागचा हलेना. मालक दुसऱ्या दिवशी सकाळी न बोलता निघून गेले आणि पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. फोनवर हे ऐकून अण्णांनी एवढेच विचारले, "सही कुणाच्या नावाची होती?" मी म्हणालो, "माझ्या." "मग गिऱ्हाईक गेले ते जाऊ दे," असे म्हणून ते हळदीच्या भावाकडे वळले.

हा काटा खोटा ठरला तर काय होते, हे २ ऑक्टोबर १९९६ च्या रात्री पेरू देशात दिसले. विमान धुताना कुशीच्या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहून गेली होती. लिमाहून निघालेल्या त्या विमानाच्या वैमानिकांना खरी उंची कळेना. त्यांनी जमिनीवरील नियंत्रकाला विचारले; पण त्याच्या पडद्यावरचा उंचीचा आकडाही त्याच विमानाच्या यंत्राने पाठवलेला होता. उंचीमापक सुमारे ९,७०० फूट दाखवत असताना विमानाचा पंख समुद्राला लागला. सर्व ७० जण मृत्युमुखी पडले.

एकाच वहीतून दोनदा बेरीज केली, तर चूकही दोनदा बरोबर येते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. ताळा घ्यायचा तो वेगळ्या कागदावरून. म्हणूनच माझी तपासणी काटा स्थिर राहिला म्हणजे संपत नाही. जोडलेल्या नळ्या आणि लावलेल्या पट्ट्या काढून मी त्या मोजतो, यादीशी ताडून पाहतो, प्रत्येक छिद्र उघडे असल्याची डोळ्यांनी खात्री करतो आणि शेवटी सहकाऱ्यालाही पाहायला सांगतो. त्यानंतरच सही. त्या विमानातून जाणारी माणसे मला ओळखत नाहीत आणि माझी सही त्यांच्या दृष्टीस कधी पडत नाही. आपल्या दुकानातून पुडी घेऊन जाणारे लेकरू तरी काट्याकडे कुठे पाहते? ते विश्वासाने पैसे ठेवते आणि घरी जाते.