ॲपला खर्रा माहीत नाही

चांदूर बाजारात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. कोणाच्या फोनमध्ये काय आहे ते त्याच्या घरच्यांआधी मला कळतं. पोट्ट्यांच्या फोनात पोलीस भरतीचे टेस्ट पेपर, क्रिकेट, झटपट कर्ज, सगळं सापडतं. सिगारेट सोडवणारं ॲप मात्र मी स्वतः टाकेपर्यंत एकाही गिऱ्हाइकाकडे पाहिलं नव्हतं. पुढे मीच ते अनेकांना टाकून दिलं, आणि त्यातल्या बहुतेकांच्या फोनमधून ते गेलेलंही पाहिलं. माझं राहिलं आणि माझी सिगारेट सुटली. ॲपमुळे सुटली का, असं कोणी विचारलं तर मी हो म्हणतो. पण त्या 'हो'ला बरीच शेपटं आहेत.

सवय लागली अमरावतीला. स्पर्धा परीक्षेसाठी खोली करून राहिलो होतो. अभ्यासिकेतून दर थोड्या वेळानं बाहेर यायचं, चहाचा कट घ्यायचा, दोघांत एक ओढायची. परीक्षांचा नाद सुटला, गावी येऊन दुकान टाकलं. सिगारेट तेवढी सोबत आली.

ॲप उघडल्यावर पहिलाच प्रश्न: दिवसाला किती, पाकिटात किती, पाकिटाची किंमत किती? आता पाकीट घेतो कोण? आम्ही सगळे सुट्टीवाले. सप्टेंबर 2020 मध्ये महाराष्ट्रानं सुट्ट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी आणली, पण पानठेल्यावर जाऊन एक बोट वर केलं की एक सिगारेट पुढे येते, बोलावंही लागत नाही. या सुट्टीचा एक तोटा माझ्या उशिरा ध्यानात आला. 2016 पासून पाकिटाच्या 85 टक्के भागावर इशाऱ्याचं चित्र असतं, आणि 2018 पासून त्यावर 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठी मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनचा नंबरही छापतात. सुट्टी घेणाऱ्याला ना चित्र दिसतं ना नंबर. त्याला दिसतो तो फक्त ठेल्याच्या खांबाला सुतळीनं लटकवलेला लायटर. इतकी वर्षं ओढून मी तो नंबर पहिल्यांदा नीट वाचला तो इंटरनेटवर.

सुट्टीचे भाव धरून हिशेब भरला. त्यानंतर ॲप मुनिमासारखं रोज सांगू लागलं, आज इतके वाचले, एकूण इतके झाले. दुकानदाराला हा भाग लगेच पटतो. फुफ्फुसाबद्दल ते काय सांगत होतं ते मी वाचलंही नाही.

दुसरा प्रश्न होता, तल्लफ केव्हा येते? खाली पर्याय: कॉफीनंतर, मद्य घेताना, गाडी चालवताना, कामाचा ताण आला की. माझी सगळ्यात मोठी वेळ त्यात नव्हतीच. आमचा संत्र्याचा बगीचा आहे, आणि शेतीची लाइन आठवड्याच्या पाळीनं कधी दिवसा तर कधी रात्री असते. रात्रीची लाइन असली की जेवण करून ओलिताला जायचं. मोटर सुरू करायची, एका आळ्यात पाणी भरलं की दुसऱ्यात फोडायचं, मधे नुसतं उभं राहायचं. थंडी, डुकरांची भीती, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. तिथं सिगारेट म्हणजे जागं राहायचा उपाय आणि सोबत, दोन्ही. दुकानात मी दिवसभर न ओढता राहू शकत होतो. ओलिताला गेलो की खिशाकडे हात जायचाच.

ॲपमध्ये 'तल्लफ आली' असं एक बटण होतं. दाबलं की पडद्यावर एक गोल मोठा होतो, लहान होतो. त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा, सोडायचा. बगीच्यात नेटवर्क नसे, तरी गोल चालायचा. पहिल्यांदा हसू आलं. पण तल्लफेचा जोर फार वेळ राहत नाही, काही मिनिटांत उतरतो, आणि तेवढ्यात माझा उजवा हात फोननं अडवलेला असायचा. मला विचाराल तर ॲपचं खरं काम हेच झालं. ज्या हातात सिगारेट असायची त्याच हातात दुसरं काहीतरी आलं, आणि अंधारात ते उजेडही देत होतं. श्वासाचा भाग किती आणि हाताचा किती, हे मला सांगता येणार नाही.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी या विषयावर वाचत बसे. कॅनडात वॉटरलू विद्यापीठाच्या संशोधकांनी 19 ते 29 वयाच्या पोरांसाठी 'क्रश द क्रेव्ह' नावाचं ॲप काढलं होतं. चाचणी घेतली तर ते साध्या छापील पुस्तिकेपेक्षा सरस ठरलं नाही. अमेरिकेतल्या सिएटलच्या फ्रेड हचिन्सन संस्थेचं 'आयकॅनक्विट' जास्त चाललं. 2020 मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात वर्षभरानंतर 28 टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, तुलनेच्या दुसऱ्या ॲपमध्ये 21 टक्के. फरक असा की ते तल्लफेशी भांडायला सांगत नाही. आली तर येऊ दे, बघत राहा, जाईल, असं त्याचं म्हणणं. ओलिताला उभं राहणाऱ्याला हे लवकर कळतं. आणि ॲपच्या आधीचा साधा एसएमएस? ब्रिटनमध्ये 5,800 लोकांवर झालेली चाचणी 2011 मध्ये 'लॅन्सेट'नं छापली. सहा महिन्यांनी सोडलेले 10.7 टक्के, ज्यांना तसे मेसेज नव्हते त्यांच्यात 4.9. दुपटीहून जास्त, आणि तेही साध्या मेसेजवर.

बाकीचे का गळतात याचं उत्तर त्या अभ्यासांपेक्षा माझ्या काउंटरवर जास्त सापडलं. आमच्याकडच्या पोरांचे फोन स्वस्तातले. लग्नाचे व्हिडिओ आले की स्टोरेज भरतं आणि पहिल्यांदा उडतं ते असलंच ॲप. दुसरं, बॅटरी वाचवण्याची सेटिंग. ती चालू असली की फोन मागे चालणारी ॲप्स झोपवून टाकतो. मग संध्याकाळी पाचला 'आता चहाची वेळ, सांभाळ' असा मेसेज यायचा तो येतच नाही. आता मी ॲप टाकून देतो तेव्हा आधी ती सेटिंग काढतो. तिसरं कारण मात्र ॲप बनवणाऱ्यांचं. माझ्या एका मित्रानं मित्राच्या लग्नात वरातीत एक ओढली. इमानदारीनं ॲपमध्ये नोंदवली, तर सगळा आकडा एकदम शून्य. "एकच ओढली ना बे, मागचं काहून खोडलं?" असं म्हणून त्यानं ॲपच खोडलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पहिल्यासारखा सुरू.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते खर्ऱ्याचं. आमच्या विदर्भात तंबाखू म्हटलं की आधी खर्रा: सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोट-घोट घोटलेला. 2016-17 च्या केंद्राच्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ होते 3.8 टक्के, आणि धुराविना तंबाखू खाणारे 24.4 टक्के. ॲपला यातले फक्त पहिले माहीत. शेजारच्या दुकानातल्या पोरानं माझं पाहून सिगारेट सोडली आणि खर्रा धरला. ॲप त्याला रोज शाबासकी देतं, फुफ्फुसं सुधारली म्हणतं, वाचलेले पैसे दाखवतं. ते पैसे समोरच्या ठेल्यावर पन्नीत जात आहेत हे त्याला कळायला मार्गच नाही. पोरगाही खूश. "ॲप तर चांगलंच म्हणते, भाऊ." त्याचं तोंड आता पूर्ण उघडत नाही, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं. मी त्याला तालुक्याच्या दवाखान्यात पिटाळलं.

त्याच्यासाठीच मी पाकिटावरच्या त्या नंबरवर फोन लावला. ही हेल्पलाइन 2016 मध्ये दिल्लीहून सुरू झाली. पुढे मुंबईचं टाटा मेमोरियल, बंगळुरूचं निम्हान्स आणि गुवाहाटीचं बोरुआ कर्करोग रुग्णालयही त्यात आलं. सकाळी आठ ते रात्री आठ चालते, म्हणजे ओलिताच्या वेळी नाही, तेवढं सोडा. समोरच्या बाईंनी सिगारेट की बिडी की खायची तंबाखू, हे सुरुवातीलाच विचारलं. कधीपासून, उठल्यावर किती वेळानं, घरी कोण कोण खातं, आधी कधी सोडून पाहिली का. पोरगं पहिल्यांदा लाजलं, मग दुकानाच्या मागे जाऊन बराच वेळ बोलत बसलं. ॲपनं त्याला आकडे विचारले होते. इथं मोठा भाऊही खातो हे त्यानं सांगितलं आणि गोष्ट तिथून पुढे सरकली. त्यानं एक तारीख ठरवली. नंतर त्यांच्याकडून पुन्हा फोन आला, तेव्हा तो ठेल्यावर उभा होता. त्यानं उचलला, हे माझ्या दृष्टीनं पुष्कळ झालं. सध्या तो तोंडात बडीशेप ठेवून हिंडतो आणि मधूनच चिडतो.

बाबांचा प्रश्न वेगळा. ते बिडीवाले, आणि फोन बटणाचा, त्यात ॲपबीप काही बसत नाही. त्यांच्या फोनवरून मी 011-22901701 वर मिस्ड कॉल दिला. केंद्र सरकारची ही एसएमएसची सेवाही 2016 चीच, तिला स्मार्टफोन लागत नाही. मेसेज हिंदीत येऊ लागले. बाबांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा ते मुद्दाम सापडू देत नाहीत. म्हणून आई वाचते, ओसरीत बसून, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, वऱ्हाडी वळणाच्या हिंदीत.

"सरकारले माह्या बिडीची कायले पडली एवढी?" बाबा म्हणाले.

"सरकारले नाई, मले पडली. सरकार निरं लिहून देते."

बिडी सुटलेली नाही. परवा बाबा फोन घेऊन दुकानात आले, मेसेज येणं बंद झालं म्हणाले, आणि चेहऱ्यावर आनंद होता. बघतो तर इनबॉक्स भरलेला.

"थे बिडीवाले पुसून टाक सारे," म्हणाले.

मी रिचार्जच्या ऑफर पुसल्या.