१६६ पौंड

एप्रिल २०२१ मध्ये इंडियानापोलिस येथील वैद्यकीय तपासणीत अलाबामा विद्यापीठाचा खेळाडू डेव्होन्टा स्मिथ याचे वजन १६६ पौंड, म्हणजे सुमारे ७५ किलो, भरले आणि त्यानंतर महिनाअखेरच्या ड्राफ्टपर्यंत त्याच्या खेळापेक्षा या एका आकड्याचीच चर्चा अधिक झाली, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला आजही खटकते. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये येऊ घातलेल्या खेळाडूंचे हौशी मूल्यमापन करणे हा न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या काही मराठी व इतर भारतीय स्नेह्यांचा हिवाळी उद्योग असून, त्या मंडळात वाइड रिसीव्हर या जागेवरील खेळाडूंच्या नोंदी ठेवण्याचे काम लेखकाकडे पूर्वीपासून आहे. त्यामुळे पुढील विवेचन अनुभवावर आधारलेले असले तरी तटस्थ मात्र नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. ड्राफ्ट म्हणजे लीगमधील बत्तीस संघांनी सात फेऱ्यांत महाविद्यालयीन खेळाडूंची केलेली क्रमवार निवड. मागील हंगामातील दुबळ्या संघाला त्यात आधी संधी मिळते. वाइड रिसीव्हर हा मैदानाच्या कडेकडून ठरलेल्या मार्गाने धावत जाऊन क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलतो व त्याला रोखण्याचे काम कॉर्नरबॅककडे असते. ड्राफ्टपूर्वी इंडियानापोलिसला ‘कंबाइन’ नावाची सामूहिक चाचणी होते, तीत उंची इंचाच्या अष्टमांशापर्यंत, तसेच वजन, हाताची लांबी, पंजाचा आकार आणि चाळीस यार्डांच्या धावेची वेळ मोजली जाते. ढोबळमानाने सहा फूट उंची व दोनशे पौंड वजन ही रिसीव्हरची रूढ कल्पना असून तीत न बसणाऱ्यास ‘अंडरसाइज्ड’ म्हणतात. २०२१ मध्ये कोविडमुळे कंबाइन रद्द होऊन केवळ वैद्यकीय तपासणी झाली, आणि त्यापूर्वी वजन करू देण्याचे स्मिथने टाळलेले असल्यामुळे तो आकडा बाहेर पडताच एखादे लपवलेले पाप उघडकीस आल्यासारखी त्याची चर्चा झाली.

वस्तुतः लपवण्यासारखे काहीच नव्हते, कारण स्मिथची शरीरयष्टी चार हंगाम दूरचित्रवाणीवर सर्वांसमोर होती. जानेवारी २०१८ मधील राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात जादा वेळेत विजयी झेल घेणारा तो हाच. २०२० च्या हंगामात ११७ झेल, १,८५६ यार्ड व झेलांवरील २३ टचडाउन नोंदवून हाइझमन करंडक, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, मिळवणारा तोच, आणि १९९१ मधील डेसमंड हॉवर्डनंतर हा मान मिळालेला तो पहिलाच रिसीव्हर. जानेवारी २०२१ मध्ये ओहायो स्टेटविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने केवळ पूर्वार्धात १२ झेल, २१५ यार्ड आणि तीन टचडाउन मिळवले होते. देशातील सर्वांत तगड्या मानल्या जाणाऱ्या महाविद्यालयीन गटात चार वर्षे ज्याला बचावपटू दाबू शकले नाहीत, तो वजनकाट्यावर उभा राहताच अचानक दाबला जाण्याजोगा कसा ठरला, या प्रश्नाचे उत्तर मंडळातील कोणालाही देता आले नाही. तरीही बहुसंख्यांनी त्याला आपल्या यादीत काही स्थाने खाली ढकललेच. एका स्नेह्याने त्याची बाजू घेताना १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये ७७४ धावा काढणाऱ्या सुनील गावसकरांच्या उंचीचा दाखला दिला, तो मराठी मनाला सुखावणारा असला तरी गैरलागू होता, कारण वेगवान गोलंदाज फलंदाजाच्या छातीला हात लावून त्याला खेळपट्टीबाहेर ढकलत नाही.

ढकलण्याचा हाच मुद्दा आकाराच्या चर्चेत खऱ्या अर्थाने विचारात घेण्यासारखा आहे. ‘प्रेस कव्हरेज’ या पद्धतीत कॉर्नरबॅक रिसीव्हरच्या अगदी पुढ्यात उभा राहतो आणि खेळ सुरू होताच हातांनी धक्का देऊन त्याची धाव विस्कटतो. त्या तावडीतून निसटण्याला ‘रिलीज’ म्हणतात, आणि लहान चणीचा खेळाडू टिकणार की नाही याचा बराचसा निकाल त्या पहिल्या दोन-तीन पावलांतच लागतो. दुर्दैव असे की नेमकी तीच पावले सामान्य प्रेक्षकाला क्वचितच दिसतात, कारण दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे फिरतो आणि कडेचा रिसीव्हर क्षणार्धात चौकटीबाहेर जातो. मैदानावरील बावीसही खेळाडू एकाच वेळी दाखवणारे प्रशिक्षकांचे चित्रीकरण संघांच्या स्काउटांकडे, म्हणजे पगारी निरीक्षकांकडे, असते. हौशी मंडळींच्या हाती मात्र प्रक्षेपणाचे तुकडे आणि वजनाचा आकडा एवढेच येते. हौशींनी आकड्याला चिकटून राहावे हे यावरून समजू शकते. पण ज्यांच्याकडे सर्व चित्रीकरण आहे त्यांच्यातीलही काहींनी तेच करावे, हे समजत नाही.

आणखी एक गोष्ट लेखकाच्या मते या चर्चेत सर्रास सुटते. व्यावसायिक खेळ महाविद्यालयीन खेळापेक्षा दणकट, म्हणून लहान खेळाडू तेथे चिरडला जाईल, असे सांगितले जाते. परंतु नियम पाहता चित्र इतके सरळ नाही. १९७८ पासून व्यावसायिक लीगमध्ये आरंभरेषेपासून पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला अडवण्यास मनाई आहे, तर महाविद्यालयीन नियमांत अशी पाच यार्डांची मर्यादा नाही आणि चेंडू हवेत जाईपर्यंत समोरून येणाऱ्या रिसीव्हरला हात लावता येतो. म्हणजे या एका बाबतीत व्यावसायिक मैदानच लहान खेळाडूला अधिक सांभाळून घेते. याच्या उलट बाजूही आहे: खेळ जेथून सुरू होतो त्या मैदानावरील दोन आडव्या खुणांच्या ओळींमधील अंतर महाविद्यालयात ४० फूट, तर व्यावसायिक लीगमध्ये केवळ साडेअठरा फूट असल्याने महाविद्यालयात एका बाजूला प्रशस्त मोकळी जागा उरते, आणि त्या जागेत चपळ रिसीव्हर आहे त्याहून मोठा भासतो. मूल्यमापन करणाऱ्याने झेल मोजण्याऐवजी ते कोणत्या बाजूला आणि किती मोकळ्या जागेत घेतले हे पाहावे, असा सल्ला लेखक मंडळातील नवोदितांना देतो. तो फारसा कोणी मानत नाही, कारण त्याला वेळ फार लागतो.

ड्राफ्टच्या रात्री फिलाडेल्फिया ईगल्सने तिसऱ्या फेरीतील एक निवड डॅलस काउबॉइजला देऊन बाराव्या क्रमांकावरून दहावा क्रमांक मिळवला आणि स्मिथला घेतले. (डॅलसने त्याच बाराव्या क्रमांकावर मायका पार्सन्सला घेतल्यामुळे हा सौदा कोणाला लाभला याचा वाद दक्षिण जर्सीत आजही संपलेला नाही.) पहिल्या दोन्ही हंगामांत स्मिथ सतराच्या सतरा सामने खेळला, पहिल्यात ९१६ तर दुसऱ्यात १,१९६ यार्ड मिळवून गेला, आणि वजनाचा विषय हळूहळू कोणी काढेनासे झाले. विषय चुकीचा होता असे मात्र कोणी म्हटले नाही. तो केवळ बंद पडला.

येथे न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. लहान रिसीव्हरांची बाजू घेणारे नेहमी तीच नावे सांगतात: २००१ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडला गेलेला पाच फूट नऊ इंचांचा स्टीव्ह स्मिथ, २००४ मध्ये कोणीच न निवडलेला वेस वेल्कर, २०१० मध्ये सहाव्या फेरीपर्यंत थांबावे लागलेला अँटोनियो ब्राउन. परंतु ही यादी टिकलेल्यांची आहे, आणि न टिकलेल्यांची यादी कोणी जपून ठेवत नाही. तीत अपवादाने लक्षात राहिलेले नाव टॅव्हॉन ऑस्टिनचे: पाच फूट आठ इंच, चाळीस यार्डांची वेळ ४.३४ सेकंद, २०१३ मध्ये सेंट लुइस रॅम्सने त्याच्यासाठी सोळाव्या क्रमांकावरून आठव्यावर झेप घेतली, आणि झेलांवर एका हंगामात ५०९ यार्डांपलीकडे तो कधीच गेला नाही. मंडळातील ज्येष्ठ सदस्य प्रत्येक वसंतात हे नाव काढतात व लेखक प्रत्येक वसंतात उत्तर देतो की ऑस्टिनला आखूड फेकींवर आणि हातात दिलेल्या चेंडूवर वापरले गेले, पूर्ण मार्ग धावू दिलेच गेले नाही. हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही, कारण संघाने त्याला तसे का वापरले, या प्रश्नात आकार पुन्हा डोकावतोच.

लेखकाची ठाम भूमिका डळमळली ती टँक डेलमुळे. पाच फूट आठ इंच व १६५ पौंडांच्या या ह्यूस्टन विद्यापीठाच्या खेळाडूला २०२३ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सने एकूण ६९व्या क्रमांकावर घेतले, तेव्हा लेखकाच्या यादीत तो त्याहून बराच वर होता, आणि अकरा सामन्यांत ४७ झेल, ७०९ यार्ड व सात टचडाउन ही त्याची पहिल्या हंगामातील कामगिरी पाहता लेखकाला समाधान वाटणे स्वाभाविक होते. डिसेंबर २०२३ मध्ये डेन्व्हरविरुद्धच्या सामन्यात गोलरेषेजवळ सहकाऱ्यासाठी बचावपटूंना अडवत असताना, चेंडू हातात नसताना, ढिगाऱ्याखाली त्याच्या पायाचे हाड मोडले. तेवढ्या भाराखाली दोनशे वीस पौंडांच्या माणसाचेही हाड मोडले असते, असे लेखकाचे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. वर्षभराने त्याच्या गुडघ्याला झालेली गंभीर दुखापत तर सहखेळाडूशी झालेल्या टकरीतून होती, तिचा आकाराशी संबंध जोडणे अधिकच अवघड. असे असूनही त्यानंतरच्या नोंदींत लेखकाच्या वहीत वजनाचा रकाना पहिला येऊ लागला, आणि त्यामागे तर्क नसून भीती आहे हे माहीत असूनही तो मागे नेला गेलेला नाही.

२०२४ च्या कंबाइनमध्ये टेक्सास विद्यापीठाच्या झेवियर वर्दीने चाळीस यार्ड ४.२१ सेकंदांत धावून विक्रम केला. त्याचे वजन १६५ पौंड, म्हणजे स्मिथपेक्षाही एक पौंड कमी होते. पण विक्रमी वेळेच्या कौतुकात ती बाब मंडळात मागे पडली, आणि तीन वर्षांपूर्वी १६६ वर तावातावाने बोलणाऱ्यांनीच त्याला पहिल्या फेरीत बसवले. त्याबद्दल लेखकाने विचारणा केली असता वेग असला की वजन चालते असे उत्तर मिळाले. तसे असेल तर चेंडूपर्यंत पोहोचण्याचे कसब हे वेगापेक्षा कमी दर्जाचे कसे, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. कॅन्सस सिटी चीफ्सने वर्दीला २८व्या क्रमांकावर घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे ईगल्सने चीफ्सना ४०–२२ असे हरवले, त्या सुपर बोलमध्ये स्मिथने ४६ यार्डांचा टचडाउन झेलला आणि वर्दीने आठ झेलांत १५७ यार्ड व दोन टचडाउन मिळवले. वर्दीची ही कमाई बहुतांशी सामना हातचा गेल्यानंतरची होती, म्हणून ती धरू नये, असा आक्षेप मंडळात लगेच घेतला गेला, आणि ईगल्सचा पाठीराखा असल्यामुळे लेखकानेही तो आनंदाने उचलून धरला.