आधी कुठला जॉब?

उरला-सिलतरा या औद्योगिक भागांतल्या रोलिंग मिल्सना लागणारे शाफ्ट, गिअर आमच्या वर्कशॉपमध्ये होतात. कुठल्या मशीनवर कुठला जॉब आधी चढवायचा, हे ठरवणं माझं काम. आठवड्याचा तक्ता मी रविवारी ब्राह्मणपाऱ्यात घरीच लावून बघतो.

तीन शाफ्ट घ्या. प्रत्येकाला आधी लेथ, मग ग्राइंडिंग. पहिल्याला सहा तास आणि दोन, दुसऱ्याला एक आणि पाच, तिसऱ्याला चार आणि चार. आले त्या क्रमाने लावले तर सगळं उरकायला १७ तास. दुसरा, तिसरा, पहिला असे लावले तर १३. मशिनं तीच, माणसं तीच. फक्त ग्राइंडिंगवाला पहिले सहा तास हात बांधून बसत नाही. एस. एम. जॉन्सन यांनी १९५४ साली याचा नियम दिला. सर्वांत लहान वेळ शोधा. ती लेथची असेल तर तो जॉब सुरुवातीला, ग्राइंडिंगची असेल तर शेवटी. तो बाजूला काढून उरलेल्यांचं तसंच. दोन मशिनांसाठी याहून चांगला क्रम असूच शकत नाही. इतकी देखणी गोष्ट माझ्या कामात दुसरी नाही.

मशिनं वाढली की असा सोपा नियम कोणाला सापडलेला नाही. दहा जॉब, दहा मशिनं असं एक कोडं फिशर आणि थॉम्पसन यांनी १९६३ मध्ये मांडलं. त्यातलं सगळं उरकायला लागणारी वेळ ९३० एककांच्या खाली जाऊच शकत नाही, हे सिद्ध व्हायला १९८९ उजाडलं. आमच्याकडे इतकी वाट बघायला वेळ नसतो; मिलचा शाफ्ट तुटला की तो जॉब सगळ्यांच्या आधी घुसतो आणि सकाळचा तक्ता दुपारी मोडतो.

म्हणून अंदाजाने एक क्रम लावायचा आणि अदलाबदल करत सुधारायचा. नवखा प्लॅनर रिकामं मशीन दिसलं की तिथेच हात घालतो. मी शेवटच्या जॉबपासून उलटा मागे जातो: हा कोणासाठी थांबला, तो कोणासाठी? त्यातून जी अखंड साखळी हाती लागते, तिच्याबाहेर काहीही हलवा, शेवटचा जॉब आधी सुटत नाही. नोविकी आणि स्मुतनिकी यांनी १९९६ मध्ये शोध याच साखळीपुरता ठेवला, नुकतीच केलेली अदलाबदल उलटवायला काही काळ मनाई केली, आणि तेच दहा जॉब, दहा मशिनांचं कोडं पीसीवर अर्ध्या मिनिटात सोडवलं.

ती मनाई मला फार मोलाची वाटते. सुधारणा थांबली की थोडा वाईट क्रम पत्करूनच पुढे जावं लागतं. मनाई नसेल तर शोध लगेच मागच्या जागी परततो. फोरमनला हे आधी पटेना. "साहेब, तेवीसचे पंचवीस तास कशाला करता?" मी तक्त्यावर चिठ्ठ्या सरकवून दाखवल्या. पंचवीसवरून आणखी दोन बदल, आणि बावीस. आता लेथवर जॉब चढवण्याआधी तोच विचारतो, "यानंतर ग्राइंडिंगला काय जाणार?"