समुद्र वजा केल्यावर : बँडनच्या किनाऱ्यावरील गोल्फ

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओरेगन राज्याच्या दक्षिण भागात बँडन नावाचे एक छोटे गाव आहे. पोर्टलंड शहरातून मोटारीने निघालेल्या प्रवाशाला तेथे पोहोचण्यास चार-साडेचार तास लागतात. मासेमारी, लाकडाचा व्यापार, चीज आणि क्रॅनबेरी या आंबट लाल फळाची शेती ही या गावाची जुनी ओळख. गावाचे नाव मात्र उसने आहे. आयर्लंडमधील बँडनहून आलेले जॉर्ज बेनेट १८७३ च्या सुमारास येथे स्थायिक झाले. मायदेशाची आठवण म्हणून त्यांनी गॉर्स हे पिवळ्या फुलांचे काटेरी झुडूप येथे लावले आणि ते किनाराभर फोफावले. या झुडपात तेलाचा अंश असतो. २६ सप्टेंबर १९३६ रोजी वणवा गावाच्या दिशेने आला, तेव्हा याच झुडपांनी तो भडकवला आणि जवळजवळ संपूर्ण गाव भस्मसात झाले.

गॉर्सने वेढलेली, वाळूच्या टेकड्यांची अशी १२०० एकरांहून अधिक जमीन १९९१ मध्ये माइक कायझर यांनी विकत घेतली. कायझर हे शिकागोचे व्यापारी. पुनर्वापर केलेल्या कागदावर शुभेच्छापत्रे छापण्याचा व्यवसाय त्यांनी १९७१ मध्ये महाविद्यालयीन मित्र फिल फ्रीडमन यांच्यासह सुरू केला होता आणि त्यातच त्यांची पुंजी उभी राहिली. मोठ्या शहरापासून इतक्या दूर, वाऱ्यापावसाच्या किनाऱ्यावर गोल्फचे मैदान उभारणे हा व्यवहारी माणसाला शहाणपणाचा सौदा वाटला नसता. तरीही १९९९ मध्ये ‘बँडन ड्यून्स’ हे पहिले मैदान खुले झाले. त्यामागोमाग ‘पॅसिफिक ड्यून्स’ (२००१), ‘बँडन ट्रेल्स’ (२००५), ‘ओल्ड मॅक्डोनाल्ड’ (२०१०) आणि ‘शीप रँच’ (२०२०) ही मैदाने आली. अठरा होलांची पाच मैदाने एकाच समुद्राच्या सान्निध्यात असल्यामुळे येथे एका होलाची दुसऱ्याशी तुलना करण्याची जी सोय आहे, ती अन्यत्र क्वचितच आढळते.

गोल्फशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. ‘होल’ म्हणजे केवळ चेंडू पडण्याचा खळगा नव्हे. ज्या चौथऱ्यावरून पहिला फटका मारायचा ती ‘टी’, मधला गवताळ पट्टा म्हणजे ‘फेअरवे’ आणि शेवटचे गुळगुळीत ‘ग्रीन’, असा सारा प्रदेश मिळून एक होल होते. निष्णात खेळाडूने ते किती फटक्यांत पूर्ण करावे, त्या संख्येला ‘पार’ म्हणतात. बँडनला मैदानभर पायीच हिंडावे लागते. गोल्फची छोटी गाडी प्रकृतीच्या कारणाखेरीज दिली जात नाही. त्यामुळे जमिनीचा चढउतार येथे पायांनाच कळतो.

बँडनला येणारा बहुतेक प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : सर्वांत उत्तम होल कोणते? उत्तर देताना बोट बहुधा समुद्राकडे वळते. येथेच तुलना फसते. समुद्र हे या जमिनीला आयते मिळालेले भांडवल आहे. हिशेब तपासणारा माणूस पेढीचा नफा पाहताना वडिलोपार्जित पुंजी बाजूला काढून ठेवतो. त्याच रीतीने येथे समुद्र वजा करून काय उरते ते पाहावे.

‘बँडन ड्यून्स’चे सोळावे होल छायाचित्रांतून जगभर पोहोचले आहे. पार चार, लांबी सुमारे ३६३ यार्ड. आराखडा डेव्हिड मॅक्ले किड या स्कॉटिश तरुणाचा. काम हाती आले तेव्हा त्याने तिशीही ओलांडली नव्हती. टीसमोर घळ आहे, तिच्या पलीकडे फेअरवेचे खालचा आणि वरचा असे दोन स्तर आहेत आणि अखेरीस कड्याच्या टोकावर ग्रीन आहे. घळ ओलांडून खालच्या स्तरावर सुरक्षित थांबावे, की वरच्या स्तराचे साहस करावे, हा निर्णय टीवरच घ्यावा लागतो. वारा पाठीशी असेल तर मोह अधिकच वाढतो. समुद्र वजा केला तरी हा निर्णय शिल्लक राहतो. होल उत्तम ठरते ते त्यामुळे.

‘पॅसिफिक ड्यून्स’ हे टॉम डोक यांचे काम. या मैदानाच्या उत्तरार्धात दहावे आणि अकरावे अशी पार तीनची दोन होल लागोपाठ येतात. रूढ रीत तशी नाही. जमिनीने जे सुचवले ते डोक यांनी स्वीकारले. अकरावे होल जेमतेम १४८ यार्डांचे आहे. डावीकडे कडा आणि समुद्र, समोर वाळूच्या खळग्यांनी वेढलेले लहानसे ग्रीन. उन्हाळ्यात येथे वारा उत्तरेकडून येतो आणि हे होल त्याच्या तोंडावर खेळावे लागते. हिवाळ्यातील वादळांत वारा दक्षिणेकडून येतो आणि तोच फटका वेगळ्या हिशेबाने मारावा लागतो. त्यानंतरचे तेरावे होल ४४४ यार्डांचे, पार चारचे. डावीकडे समुद्र आणि उजवीकडे वाळूची प्रचंड टेकडी. येथे समुद्राइतकीच ती टेकडीही डोळे वेधून घेते. समुद्र पुसून टाकला तरी तेरावे होल आपल्या जागी ठाम उभे राहते.

‘शीप रँच’ या सर्वांत नव्या मैदानावर बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांना सुमारे एक मैल लांबीचा किनारा मिळाला. नऊ ग्रीन कड्याच्या काठाशी आहेत. वाऱ्यात वाळू टिकत नाही, म्हणून मैदानभर वाळूचा एकही खळगा ठेवलेला नाही. फाइव्ह माइल पॉइंट या भूशिरावर तिसऱ्या आणि सोळाव्या होलाचे मिळून एकच विस्तीर्ण ग्रीन आहे. सोळावे होल सुमारे १५१ यार्डांचे असून त्याच्या टीवरून दिसणारे दृश्य अपूर्व आहे. परंतु येथे वजाबाकी केली तर हाती वाराच तेवढा उरतो. समुद्र सतत समोर असल्यामुळे दुपारपर्यंत डोळ्यांना त्याची सवय होऊन जाते. अतिपरिचयाचा नियम निसर्गालाही चुकत नाही.

‘ओल्ड मॅक्डोनाल्ड’वर याच्या नेमके उलट घडते. अमेरिकन गोल्फचे आद्य आराखडाकार चार्ल्स ब्लेअर मॅक्डोनाल्ड यांना मानवंदना म्हणून टॉम डोक आणि जिम अर्बिना यांनी हे मैदान आखले. तिसऱ्या होलावर चेंडू एका उंच टेकडीवरून पलीकडे मारायचा असतो. तो कोठे पडला हे टीवरून दिसत नाही. टेकडी चढून गेल्यावर मैदानाचा पुढचा विस्तार आणि दूरवरचा समुद्र एकदम उघडा होतो. पण जवळ जाण्यासाठी सातव्या होलापर्यंत थांबावे लागते. पार चारच्या या होलावर दुसरा फटका चढावर मारावा लागतो आणि ग्रीनवर पाय ठेवल्यावरच खाली लाटा दिसतात. थोडाच समुद्र, पण चढण चढून मिळवलेला. म्हणून तो मनात अधिक काळ राहतो.

उरले ‘बँडन ट्रेल्स’. कूर आणि क्रेनशॉ यांनीच आखलेले हे मैदान वाळूच्या टेकड्यांत सुरू होते, कुरणातून आणि दाट अरण्यातून जाते आणि पुन्हा टेकड्यांत येऊन संपते. किनाऱ्यावरचे एकही होल त्याच्या वाट्याला आलेले नाही. त्याचे चौदावे होल खेळाडूंमध्ये वादाचा विषय आहे. उंचावरील टी, पार चार, लांबी अवघी ३२५ यार्ड. फेअरवे रुंद दिसतो, पण अरुंद आणि उंचवट्यावरच्या ग्रीनकडे जाण्याची सोयीची वाट डावीकडूनच आहे, आणि जमिनीचा उतार मात्र चेंडूला उजवीकडे लोटतो. तेथून केलेली छोटी चूकही महाग पडते. कोणी या होलाला अन्यायी म्हणतात, कोणी बुद्धीची खरी परीक्षा. मात्र एक गोष्ट निश्चित : असे दोष समुद्रकाठच्या होलांतही असतील, पण तेथे नजर लाटांकडे वळते आणि चूक माफ होते. ‘ट्रेल्स’ला ती सवलत नाही. त्याचे गुणदोष उघड्या खातेवहीसारखे समोर असतात. आयत्या भांडवलाविना उभे राहिलेले हे मैदान अनेक जाणकारांना पाचांत प्रिय आहे, यात त्याचे यश आहे.

तेव्हा निवाडा काय करावा? एकच होल निवडायचे झाले तर मान ‘पॅसिफिक ड्यून्स’च्या अकराव्याला द्यावा. तेथे समुद्र आहे, पण होल त्याच्या जिवावर जगत नाही. अवघ्या एका फटक्यात ते वाऱ्याचे ज्ञान, हाताचे कौशल्य आणि मनाचा संयम तपासते.

या निवाड्याहून मोठी गोष्ट मैदानाबाहेर दिसते. समुद्राचे दर्शन घडवणाऱ्या जमिनीला घरांच्या बाजारात सर्वांत मोठा भाव येतो. ती जमीन बंगल्यांसाठी तुकडे पाडून विकता आली असती. कायझर यांनी तसे केले नाही. मैदानांच्या कडेला विक्रीची घरे नाहीत आणि पाहुण्यांची निवासस्थाने कड्यापासून आत आहेत. कड्याचा काठ पायी चालत येणाऱ्यांसाठी राखला गेला, आणि दूरदूरचे लोक वाऱ्यापावसाची पर्वा न करता येथे येऊ लागले. सर्वांत मौल्यवान वस्तू विकायची नसते, तिच्याभोवती व्यवहार उभा करायचा असतो, हे त्या शुभेच्छापत्रांच्या व्यापाऱ्याने ओळखले होते.

वसंतात बँडनच्या टेकड्यांवर गॉर्स आजही पिवळ्याधमक फुलांनी बहरतो. ज्या झुडपाने एकदा गाव जाळले, त्याला आवर घालण्याचे काम तेथे सतत चालू असते. हाती आलेली देणगी राखावी लागते, आवरावी लागते आणि तिच्यात स्वतःच्या श्रमांची भर घालावी लागते. समुद्र बँडनला फुकट मिळाला. त्या पाच मैदानांतील उत्तम होल मात्र तसे मिळालेले नाही.