पायरीखालचा सोबती

बसवकल्याणच्या त्रिपुरांत तळ्याकाठी आम्ही आणि आमचा चर्मकाराघरचा सवंगडी एकच चिंच वाटून खात असू. देवळापाशी मात्र आम्ही पायऱ्या चढत असू, अन् तो आमच्या वहाणा राखीत खाली उभा राही. १९५० साली घटनेने अस्पृश्यता नष्ट केली. तरी आमच्या हातचा प्रसाद त्याच्या ओंजळीत वरूनच पडे.

बाराव्या शतकात याच नगरीत चर्मकार हरळय्या व ब्राह्मण मधुवरस यांनी आपल्या मुलांचा विवाह लावला आणि त्यापायी प्राण दिले, असे शरणांची परंपरा सांगते. ही कथा आम्हांस त्यानेच सांगितली. ती ऐकूनही पुढल्या सोमवारी आम्ही एकटेच पायऱ्या चढलो. त्याचा हात धरावयाचे राहिले, ते राहूनच गेले.