आवर्तन सुटायच्या आधी ये

चि. दादू,


परवा रविवारी वर्सोव्याच्या वाळूतून तू व्हिडिओ फोन लावलास. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात भरलेली गोणी, आणि चेहरा असा उजळलेला की तुझ्या बारावीच्या निकालाचा दिवस आठवला. किती बरं वाटलं म्हणून सांगू! 2015 च्या ऑक्टोबरात अफरोज शाह या वकिलानं शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना सोबत घेऊन तिथला कचरा उचलायला घेतला, मग माणसं जोडली गेली, आणि 2018 च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे निघाली. हे सगळं तूच मला सांगितलंस.

पण फोन ठेवताना म्हणालास, "आत्या, तुमचं बरंय, भवानीनगरला कुठं आलाय समुद्र?" ते मनाला लागलं रे.

नीरा डाव्या कालव्याला आवर्तन सुटतं, शेतीच्या पाळीचं पाणी येतं, तेव्हा रानात येणाऱ्या चारीला पाण्याचं तोंड कसं येतं, विसरलास? पाण्याच्या आधी कचरा येतो. गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, लग्नातल्या बाटल्या, सगळं फेसात घोळत पुढं सरकतं. चारीतून ओढ्याला, ओढ्यातून नीरेला. नीरा नरसिंहपूरला भीमेत मिसळते, पंढरपूरला तिचीच चंद्रभागा होते, रायचूरच्या बाजूला ती कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. वाटेत श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं आहेत, बरंच तिथं अडत असेल. पण प्लास्टिक कुजत नाही. उन्हानं ते कडक होतं, त्याचे तुकडे पडतात, तुकड्यांचे कण होतात. ते सगळेच कण धरणं कुठं अडवणार? तू पश्चिमेचा समुद्र साफ करतोस आणि आपल्या गावचा कचरा पूर्वेच्या समुद्राची वाट धरतो. तिथंही पहाटे कुणी कोळी जाळं टाकत असेलच ना?

तू सहावीत होतास. पाण्याची रात्रीची पाळी होती आणि तू हट्टानं माझ्याबरोबर दारं धरायला आलास. मोरीतून पाणी येईना. तू कोपरापर्यंत हात घातलास आणि खताच्या गोणीतला प्लास्टिकचा कागद ओढून काढलास. पाणी भसाभसा सुटलं. "आत्या, निघालं!" म्हणत तो कागद तू भरावावर भिरकावलास. मी बॅटरी धरून उभी होते. उचल म्हणाले नाही. आपलं रान भिजलं, एवढ्यावर मी खूश होते. तुला तेव्हा शिकवायचं ते मी शिकवलं नाही. वर्सोव्याच्या माणसांनी शिकवलं, त्यांचे उपकार आहेत माझ्यावर.

आता इथली पोरं बघ. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण झालं की तुकोबांची पालखी आपल्याकडून सणसरला जाते. लोक प्रेमानं चहा देतात, आणि दिंड्या पुढं गेल्या की रस्ताभर कप उरतात. गेल्या आषाढात आमच्या बचत गटानं स्टीलचे पेले काढले. बायका म्हणाल्या, घासणार कोण? शाळेतल्या पोरी पुढं झाल्या. बादल्या भरून बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. राज्याची प्लास्टिकबंदी 2018 ची, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या कप-ताटल्यांवरची देशाची बंदी 2022 ची. तरी बाजारात मागितली की पिशवी मिळतेच. पण पेले घासणाऱ्या पोरींतल्याच एकीनं घरी कापडी पिशवी दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवलीय. ती घेतल्याशिवाय बापाला बाजारला जाऊ देत नाही.

या पोरांना भाषण नको आहे. त्यांना हवाय त्यांच्याबरोबर चिखलात उतरणारा एक दादा. तू वाळूत उतरतोस, मग चारीत का नाही? मुंबईचे सगळे रविवार मी मागत नाही. वर्षातला एक दे. कॉलेजातली, तरुण मंडळातली पोरं मी गोळा करते. गोण्या धुऊन ठेवल्यात.

फक्त आवर्तन सुटायच्या आधी ये. चारी कोरडी असते तेव्हाच सगळं हाताला लागतं. एकदा पाणी सुटलं की कचरा आपल्या हाती राहत नाही.

तुझी,
आत्या