‘ओन्ली’ कुठं टाकू?

माझ्या वकिलीवर सीनियरांचं ऋण आहे, हे साऱ्या बारला ठाऊक आहे. दुसऱ्या ऋणाबद्दल सहसा बोलणं होत नाही. ते कोर्टामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाइपरायटर मांडून बसणाऱ्या काकांचं.

काका मॅट्रिक. इंग्रजी बोलायची वेळ आली की अंग चोरायचे. पण भाडेकराराचा मसुदा टाइप करताना त्यांची बोटं मधेच थांबत आणि चष्म्यावरून बघत ते विचारत, “मॅडम, हा ओन्ली कुठं टाकू?”

वर्गात नियम पाठ करून घेतले होते: ऑल्वेज, नेव्हर मुख्य क्रियापदाच्या आधी, ‘इज-आर’च्या नंतर, क्रियापद आणि कर्म यांच्या मधे क्रियाविशेषण घुसवायचं नाही. काकांकडे प्रश्न वेगळा असे, भांडण कोणतं होईल याचा. ‘ओन्ली द टेनंट शॅल यूज द रूम फॉर रेसिडेन्स’ म्हटलं, की खोली भाडेकरूनंच वापरायची. मेव्हण्याला आणून ठेवता येणार नाही. तोच ओन्ली ‘द रूम’च्या आधी सरकवला, की गच्चीवर वाळवण घालण्याची सोय गेली. अगदी शेवटी नेला, तर खोलीत शिलाई मशीन चालवून धंदा करता येणार नाही. सगळ्यात घातक जागा ‘शॅल’ आणि ‘यूज’ यांच्या मधली. तिथला ओन्ली खोलीकडेही बोट दाखवतो आणि रेसिडेन्सकडेही.

इंग्रजीचे कोशकार फाउलर यांनी 1926 सालच्या ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’मध्ये अर्थाचा घोटाळा होत नसेल तर ओन्ली असा आधी आलेला चालतो, अशी बाजू घेतली आहे. बोलताना ते खरंच आहे. कुठल्या शब्दावर जोर दिला ते कानाला कळतं. करारनाम्याचं तसं नसतं, आणि वाचणारा बहुधा विरुद्ध बाजूचा वकील असतो.

काका पानावर पैसे घेत. या विचारण्याचे त्यांनी कधी लावले नाहीत. मी देऊ केले तर म्हणत, “चहा सांगा.”

2009 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं फ्लोरेस-फिगेरोआ खटल्याचा निकाल दिला. एका मेक्सिकन कामगारानं नोकरीसाठी दिलेले ओळख क्रमांक दुसऱ्याच माणसांचे निघाले होते. कायद्यात क्रियापदांच्या आधी ‘नोइंगली’ होतं. ते नुसत्या वापरण्यापुरतं, की क्रमांक दुसऱ्याचा आहे हेही आरोपीला माहीत असायला हवं? सक्तीची 2 वर्षांची जादा शिक्षा या एका क्रियाविशेषणाच्या पल्ल्यावर टांगलेली होती. माहीत असायला हवं, असं न्यायालयानं ठरवलं.

मी ती हकिकत काकांना सांगायला गेले. शेडमध्ये तोवर कॉम्प्युटर आला होता. मुलगा टाइप करी, काका मजकूर वाचून दाखवत. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “तिथल्या टायपिस्टनं आधीच विचारायचं ना!” आणि माझा मसुदा पुढं ओढून तिसऱ्या कलमावर बोट ठेवलं.